अत्याचारग्रस्त आदिवासी स्त्री आणि साहाय्याचे काम : देसाईगंज ते भामरागड

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले त्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला पाठ असतो. स्त्री-चळवळीच्या कार्यकर्त्यांना तर तो आपल्या चळवळीचा प्रारंभबिंदू वाटतो. ज्या मुलीच्या नावाने तो खटला ओळखला जातो तिचे नाव मी या लेखात घेणार नाही. १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले आणि बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे हा गुन्हा ठरला. जिच्यामुळे ही दुरुस्ती झाली तिचे नाव मात्र पाठ्यपुस्तकापासून परिसंवादापर्यंत सर्वत्र सर्रास घेतले जाते. तिला कोणी विचारले होते काय?

इथे मला कायद्याचा इतिहास सांगायचा नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीच्या पाठीशी उभे राहण्याचे काम, ज्याला आता सरकारी भाषेत पीडित साहाय्य म्हणतात, ते गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कसे चालवावे आणि ते कुठे फसते, एवढाच माझा विषय आहे. त्यासाठी १९७२ च्या त्या रात्रीइतका चांगला धडा दुसरा नाही, कारण त्या रात्री साहाय्याची प्रत्येक पायरी रिकामी होती.

घटना थोडक्यात अशी. मुलगी आदिवासी, अनाथ, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाबरोबर राहून मजुरी करणारी. ज्या घरी ती कामाला जाई तेथील एका नातेवाईक मुलाशी तिचे मन जुळले. भावाला ते पसंत नव्हते. त्याने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली आणि सर्वांना ठाण्यात बोलावले गेले. जबाब होईतो रात्रीचे साडेदहा वाजले. इतरांना बाहेर जायला सांगून मुलीला आत थांबवले गेले. पुढे ठाण्यातील शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि दारूच्या नशेत असलेल्या हेड कॉन्स्टेबलने अंगाशी झोंबाझोंबी केली, असे तिने बाहेर येऊन सांगितले. ठाण्याचे दिवे मालवलेले आणि दार बंद पाहून बाहेरच्यांना संशय आला होता. लोक जमले, संतापले, ठाणे पेटवून देण्याची भाषा झाली. तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली.

म्हणजे त्या रात्री तिला मिळालेले एकमेव साहाय्य हे देसाईगंजच्या जमावाचे होते. वकील नाही, समाजसेविका नाही, स्त्री पोलीस नाही. मोलमजुरी करणाऱ्या माणसांनी गुन्हा नोंदवून घेतला. ही गोष्ट आपले विद्वान लोक विसरतात. पण जमाव सकाळी कामाला जातो. वैद्यकीय तपासणी झाली ती २७ मार्चच्या रात्री आठ वाजता, जवळजवळ एक दिवस उलटल्यावर. या दिवसभरात ती कुठे होती, कोणी तिला पाणी दिले, तपासणीत काय होणार हे कोणी समजावले, याचा न्यायालयाच्या निकालात मागमूस नाही. असणारही नाही, कारण ते कोणाचे काम आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी आरोपींना सोडले; मुलगी शरीरसंबंधाला सरावलेली आणि खोटारडी ठरवली गेली. नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी शिक्षा दिली आणि भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्ट सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा सोडले : अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकाराची हकिकत खोटी. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. चौकशीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावण्याबद्दल न्यायालयाने चकार शब्द काढला नाही, हेही त्यात विचारले होते. नागपुरात सीमा साखरे, मुंबईत बलात्कारविरोधी मंच, आणि मग १९८३ चा कायदा. कायदा बदलला. पुढे वार्ताहर तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ती हलाखीतच दिवस काढीत होती.

ठाण्यात स्त्रीच्या बाजूने बसणारे माणूस असावे ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती १९८४ मध्ये. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला : प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, बसायची जागा पोलिसांच्या आवारात, पण बांधिलकी स्त्रीशी. नंतर हे कक्ष राज्यभर गेले. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रे आली. मुंबईच्या रस्त्यावर जी व्यवस्था चालते ती भामरागडला उचलून नेता येत नाही, हे मात्र योजना आखणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

पहिली अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत आहे, आणि त्यात दर शंभरी अडतीसहून अधिक अनुसूचित जमातीचे. उत्तरेला वडसा, कुरखेड्याकडे झाडीबोली आणि गोंडी, दक्षिणेला सिरोंच्यात तेलुगू, एटापल्ली-भामरागडात माडिया. माडिया स्त्री आपल्यावर काय झाले ते माडियात सांगते. पोलीस ते मराठीत उतरवतो, तेही पोलिसी मराठीत, जिथे प्रत्येक गोष्ट ‘सदर इसमाने’ केलेली असते. वरच्या न्यायालयात त्याचे इंग्रजी होते. ती म्हणाली, ‘त्याने ओढले’. कागदावर आले, ‘सोबत गेली’. दोन वर्षांनी उलटतपासणीत या एका शब्दावर तिला खोटे पाडले जाते. म्हणून साहाय्याच्या कामात पहिली नेमणूक दुभाषी स्त्रीची हवी, आणि ती आरोपीच्या वा पोलीस पाटलाच्या नात्यातली नको. जबाब नोंदवून झाला की तो तिच्या भाषेत तिला परत सांगायचा आणि चुकले असेल तिथे दुरुस्त करवून घ्यायचे. मुलांच्या बाबतीत दुभाष्याचा हक्क २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम ३८ मध्ये लिहिलेलाच आहे. मागावा लागतो इतकेच.

दुसरी अडचण ठाण्याची. नक्षलवादी १९८० च्या सुमारास या जंगलात आले. त्यानंतर कित्येक वर्षे ठाण्याची पायरी चढणे म्हणजे खबऱ्या ठरण्याचा धोका, आणि न चढणे म्हणजे पोलिसांच्या संशयाला पात्र होणे, अशा कात्रीत इथली माणसे जगली. हिंसाचार ओसरला म्हणून ती भीती एका वर्षात जात नाही. ‘मुली, ठाण्यात चल’ असे म्हणणाऱ्या शहरी कार्यकर्तीने हे आधी समजून घ्यावे. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही स्त्रीला राहत्या जागेबाहेर चौकशीला बोलावण्याची मनाई कायम ठेवली आहे. बलात्काराचा जबाब स्त्री अधिकाऱ्याने, तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घ्यायचा आहे. तेव्हा आश्रमशाळेच्या बाई, अंगणवाडी सेविका, आरोग्य उपकेंद्र, जिथे तिला बरे वाटेल तिथे अधिकाऱ्याला यायला लावावे. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला या सबबीवर तक्रार नाकारता येत नाही, हेही लेखी दाखवावे.

वैद्यकीय तपासणीबाबत मी थोडे सविस्तर लिहितो, कारण खटले इथेच मरतात. १९७२ मध्ये डॉक्टरांनी जुन्या खुणा नोंदवल्या आणि त्याच तिच्या विरोधात गेल्या. ही ‘दोन बोटांची चाचणी’ पुढे चाळीस वर्षे चालू राहिली. आपल्याच विदर्भात, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दर्जाचा लज्जास्पद पंचनामा मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी अग्राह्य ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला दोषी धरले जाईल असे बजावले. खैरलांजीत २००६ मध्ये शवविच्छेदनातच हेळसांड झाली आणि पुढे बलात्काराचा मुद्दा न्यायालयात उभाच राहिला नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून कार्यकर्तीला माहीत असावे : तपासणी स्त्रीच्या संमतीने, माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत, उपचार कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयात मोफत, त्यासाठी आधी तक्रार हवीच असे नाही. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे तर कागदात ठेवायचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातच तपासणी होऊ शकेल अशी तयारी मे महिन्यात करून ठेवायची असते, ऑगस्टमध्ये नाही.

आता पैसा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. २०१६ च्या नियमांनी बलात्कारासाठी पाच लाख, सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख रुपये ठरवले : निम्मे वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेला खटला संपल्यावर. कलम १५-अ प्रमाणे प्रवासखर्च, तपास व खटल्याच्या काळातील निर्वाहखर्च आणि संस्था वा कार्यकर्त्याचे साहाय्य घेण्याचा हक्क तिला आहे. प्रत्यक्षात प्रस्ताव अडतो तो जातीच्या दाखल्यावर. जिच्या आदिवासीपणामुळे तिच्यावर हात टाकण्याचे धाडस होते, तिलाच तो आदिवासीपणा १९५० पूर्वीच्या कागदाने सिद्ध करायला लावायचे! दाखल्याचा अर्ज तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी करावा.

पण आरोपी आपल्याच जमातीतला असेल तर? तेव्हा हा कायदा लागत नाही. राहते २०१३ पासूनची मनोधैर्य योजना, विधी सेवा प्राधिकरणामार्फत. आणि इथे आपल्या चळवळीने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. बाहेरचा ठेकेदार, वनरक्षक, शिपाई यांच्याविरुद्ध मोर्चा काढणे आपल्याला जमते. घरातल्या, पाड्यावरल्या माणसाविरुद्ध बाई उभी राहिली की ‘समाजाची बदनामी’ आठवते. दलित वस्तीत हेच होते, माडिया गावातही हेच. जातपंचायत दंड बसवते, कधी जेवणावळ होते, आणि दंडाची रक्कम बापाच्या किंवा गावाच्या हाती पडते.

म्हणून गाव बाजूला सारावे असे मी म्हणत नाही. याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने सर्वसहमतीने कारभार करून दाखवला. स्त्रियांच्या रेट्याने १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. ग्रामसभा तिला संरक्षण देऊ शकते : बहिष्कार न घालणे, साक्षीदारांना धमकावू न देणे, शेत पडीक न ठेवणे. गुन्ह्याचा निवाडा मात्र तिने करू नये. ही सीमारेषा भूमियाला, गाव पाटलाला आधीच, काही घडलेले नसताना, बसून समजावून सांगावी लागते. घटना घडल्यावर गेलेला कार्यकर्ता त्यांना बाहेरचाच वाटतो.

आणखी एक गुंता आहे, तो १९७२ च्या मुलीनेच आपल्यापुढे ठेवला आहे. तिची ठाण्यातली रात्र सुरू झाली ती भावाच्या तक्रारीने, तिच्या पसंतीच्या मुलाविरुद्ध. आज तो मुलगा पोक्सोखाली आरोपी झाला असता. ज्या समाजात पोरापोरींच्या पसंतीला मान होता, गोटुलाची परंपरा होती, तिथे सोळा-सतरा वर्षांची जोडपी घर मांडतात. मुलगी गरोदर होऊन दवाखान्यात आली की डॉक्टरांवर कळवण्याची सक्ती, आणि नवरा तुरुंगात. मग पोरी दवाखानाच टाळतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली, ती प्राथमिक आरोग्य केंद्रांना सांगायला हवी. साहाय्याच्या नोंदवहीत ‘पीडित’ म्हणून लिहिलेली प्रत्येक मुलगी स्वतःला पीडित समजत नसते. तिला आधी एकटीला, बापाला आणि भावाला बाहेर बसवून, विचारावे. बालविवाहाचे समर्थन मी करीत नाही. जबरदस्ती आणि पसंती यांतला फरक पोलिसाआधी आपल्याला कळला पाहिजे, एवढेच.

शेवटी तारखांचे. देसाईगंजच्या मुलीचा खटला त्या रात्रीपासून साडेसहा वर्षे चालला. आजही साक्षीची पाळी येईतो मुलीचे लग्न झालेले असते, सासरी काही सांगितलेले नसते, आणि समन्स घेऊन शिपाई दारात येतो. समन्स कुठे आणि कोणाच्या हाती यावे हे तिला विचारून सरकारी वकिलाला वेळीच कळवणे, हे बारीक काम आहे. त्यावर खटला तरतो. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर. आदल्या दिवशी निघावे लागते, मुक्काम करावा लागतो, सोबत एक बाई लागते, म्हणजे दोघींची तीन-तीन दिवसांची मजुरी. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदूपाने. वर्षाची रोकड त्या थोड्या दिवसांत हाती येते. त्या दिवसांत तारीख पडली तर साक्षीदार येत नाहीत आणि न्यायालय समजते की ते फितूर झाले. हंगामाच्या तारखा वर्षारंभीच सरकारी वकिलाच्या हाती लेखी द्याव्यात. बुडालेल्या मजुरीचा हिशेब प्रत्येक खेपेला लिहून, सहीअंगठ्यानिशी, जिल्हा समितीपुढे ठेवावा. सोबत आलेल्या बाईचाही.