अब्ज डॉलरची पाटी

शाळेत नवे यंत्र आले की शिक्षण आपोआप सुधारते, ही समजूत आजची नाही. चित्रपट ही नवलाईची गोष्ट होती त्या काळात, १९१३ साली, थॉमस एडिसन यांनी असे भाकीत केले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच नाहीशी होतील आणि मुले पडद्यावरूनच सारे काही शिकतील. पुढे रेडिओ आला. १९५६ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यात हॅगर्सटाउन येथे तारांनी शाळा जोडून दूरचित्रवाणीवरून धडे देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. मग संगणक आला. प्रत्येक वेळी आशा तीच, आश्वासनांची भाषा तीच आणि बहुतेक वेळा शेवटही तोच. यंत्र कपाटात गेले. पुस्तक, फळा आणि शिक्षक जागच्या जागी राहिले. लॅरी क्यूबन या अमेरिकन शिक्षणेतिहासकाराने १९८६ सालच्या 'टीचर्स अँड मशीन्स' या ग्रंथात ही सारी परंपरा तपशिलाने मांडली आहे.

असे का व्हावे? यंत्र वाईट म्हणून, की शिक्षक आळशी म्हणून? या दोन्ही उत्तरांत फारसे तथ्य नाही. यंत्र वर्गात येण्यापूर्वी कोणीतरी कार्यालयात बसून एक योजना आखीत असतो. यशापयशाचे बीज पुष्कळदा त्या योजनेतच असते. हे स्पष्ट होण्यासाठी अलीकडच्या काळातील एक गाजलेले उदाहरण तपासून पाहू : लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ साली हाती घेतलेली आयपॅडची योजना.

त्याआधी अमेरिकेतील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे काय, हे समजून घ्यावयास हवे. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा म्हटली की जिल्हा परिषद किंवा नगरपालिका आठवते. या संस्थांना शाळांखेरीज रस्ते, पाणी, आरोग्य अशी इतर पुष्कळ कामे असतात. अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टचे काम मात्र एकच, शाळा चालविणे. अशा संस्था त्या देशात सुमारे तेरा हजार आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे मंडळ लोक निवडून देतात आणि मंडळ एका अधीक्षकाची नेमणूक करते. उत्पन्नाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. इमारती बांधावयाच्या झाल्यास मतदारांची संमती घेऊन कर्जरोखे काढता येतात. ही संस्था वेळोवेळी दीर्घ मुदतीची आखणी करते. आपली मुले आज कोठे आहेत, पाच वर्षांनी ती कोठे असावीत, त्यासाठी पैसा कोठून येणार, काम कोण करणार आणि ते झाले की नाही हे कसे मोजणार, या प्रश्नांची उत्तरे त्या आखणीत असावीत अशी अपेक्षा असते.

लॉस एंजेलिसचा स्कूल डिस्ट्रिक्ट न्यूयॉर्कच्या खालोखाल अमेरिकेतील सर्वांत मोठा. २०१३ च्या सुमारास त्यात साडेसहा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुसंख्य गरीब घरांतील होते. अधीक्षक जॉन डीझी यांचा विचार असा होता की, श्रीमंतांच्या मुलांना घरी जे साधन सहज मिळते ते गरिबांच्या मुलांना शाळेने द्यावे. या विचाराला नावे ठेवता येणार नाहीत. उलट, सार्वजनिक शाळेचे प्रयोजनच ते आहे. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक चटका लावणारे आहे.

जून २०१३ मध्ये मंडळाने पहिल्या टप्प्यासाठी ॲपल कंपनीबरोबर ३ कोटी डॉलरचा करार मंजूर केला. या टप्प्यात ४७ शाळा होत्या. आयपॅड आणि शाळाशाळांतून बिनतारी जाळे मिळून संपूर्ण योजनेचा अंदाज सुमारे १ अब्ज डॉलरचा होता. एका आयपॅडची किंमत ६७८ डॉलर धरली होती आणि तीत पिअर्सन या प्रकाशनसंस्थेचा अभ्यासक्रम अंतर्भूत होता. परंतु खरेदी झाली तेव्हा हा अभ्यासक्रम पूर्ण तयारच नव्हता! बाजारात तुरी म्हणतात ती यालाच. शिवाय त्या अभ्यासक्रमाचा परवाना तीन वर्षांचा. म्हणजे तो पूर्ण होईपर्यंत मुदतीचा काही भाग उलटून जाणार हे उघड होते.

पैसा उभारला होता तो शाळांच्या बांधकामासाठी मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून. येथे क्षणभर थांबून हिशेब पाहावा. रोख्यांची फेड पाव शतकाच्या आसपास चालते. यंत्राचे आयुष्य चार-पाच वर्षांचे. याचा अर्थ, आज पाचवीत असलेला मुलगा उद्या मिळवता होईल तेव्हा, ज्या यंत्राचा कधीच कचरा झाला आहे त्याचे कर्ज तो करातून फेडीत असेल. इमारतीसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे आहे, कारण तिचा उपयोग पुढच्या पिढीलाही होतो. पण हाच न्याय पाटीला लावता येत नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये आयपॅडचे वाटप सुरू झाले. काही आठवड्यांतच सुमारे ३०० विद्यार्थ्यांनी, विशेषतः रूझवेल्ट हायस्कूलमधील मुलांनी, यंत्रावरील निर्बंध दूर करण्याची युक्ती शोधून काढली. यंत्रातील आपली नोंद पुसून टाकली की बंधन सुटत असे. मुले मनोरंजनाच्या स्थळांवर हिंडू लागली आणि कार्यालयाने घाबरून यंत्रे घरी नेण्यास बंदी केली. वर्तमानपत्रांनी ही गंमत चघळली. मात्र तिच्यामागे अधिक गंभीर गोष्टी होत्या. यंत्र हरवले तर भरपाई पालकांनी करावयाची की शाळेने, याविषयी स्पष्टता नव्हती. नव्या परीक्षांसाठी कळफलक लागणार होता, तो खरेदीत धरलेलाच नव्हता. ज्यांनी हे सारे वर्गात चालवावयाचे त्या शिक्षकांची तयारी तर अगदीच तुटपुंजी होती.

याचा परिणाम काय झाला, ते एका आकड्यावरून दिसते. डिस्ट्रिक्टने नेमलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी २४५ वर्गांना भेटी दिल्या. त्यांपैकी पिअर्सनचा तो अभ्यासक्रम वापरणारा शिक्षक किती वर्गांत आढळला? एका! पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये, निविदा निघण्यापूर्वीच वरिष्ठ अधिकारी आणि कंपन्या यांच्यात झालेला पत्रव्यवहार उघड झाला व करार थांबविण्यात आला. ऑक्टोबरमध्ये डीझी यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये केंद्रीय तपास अधिकाऱ्यांनी कार्यालयातून कागदपत्रांची खोकी उचलून नेली. तथापि त्या चौकशीतून कोणावरही खटला भरण्यात आला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये ॲपल आणि लेनोव्हो या कंपन्यांकडून तडजोडीने ६४ लाख डॉलर परत मिळाले. पैशाचा काही भाग असा परत आला. मुलांचे गेलेले वर्ष मात्र कोणत्याही तडजोडीत परत मिळत नसते.

या प्रकरणात भ्रष्टाचार होता की नव्हता, यावरच बरीच चर्चा झाली. माझ्या मते विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. समजा, सारा व्यवहार धुतल्या तांदळासारखा स्वच्छ असता, तर योजना यशस्वी झाली असती का? नसती. कारण तिची सुरुवातच 'काय विकत घ्यावे' या प्रश्नापासून झाली होती. 'कोणता धडा आज नीट शिकविता येत नाही' हा प्रश्न तिने विचारलाच नाही. कळस आधी आणि पाया मागून, असा तो प्रकार होता.

आता याच्या जोडीला दुसरे उदाहरण ठेवू. नॉर्थ कॅरोलायना राज्यात मूर्सव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील स्कूल डिस्ट्रिक्टने २००७ नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने चौथी ते बारावीच्या मुलांच्या हाती लॅपटॉप दिले. अधीक्षक होते मार्क एडवर्ड्स. तेथे यंत्रे आधी शिक्षकांना मिळाली, मग मुलांना. यंत्रे विकत न घेता भाड्याने घेतली. दर यंत्रामागे वर्षाला २१५ डॉलर. म्हणजे मुदत संपली की जुने यंत्र परत आणि डोक्यावर दीर्घ कर्ज नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण एकदाच न उरकता सतत चालू ठेवले. २००८ साली तेथे शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते, ते २०११ साली ९१ टक्के झाले. आणि दर विद्यार्थ्यामागील खर्चात हा डिस्ट्रिक्ट राज्यातील ११५ डिस्ट्रिक्टांत शंभरावा होता!

तर मग मूर्सव्हिलचा कित्ता गिरवावा आणि मोकळे व्हावे काय? इतके ते सोपे नाही. ही वाढ केवळ लॅपटॉपमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण त्याच काळात तेथे इतरही सुधारणा चालू होत्या. दुसरे म्हणजे, या योजनेचीही किंमत होती. खर्चाची तोंडमिळवणी करताना ६५ पदे रद्द करण्यात आली आणि त्यांत ३७ शिक्षकांची होती. काही वर्गांतील मुलांची संख्या १८ वरून ३० वर गेली. यंत्राच्या प्रत्येक योजनेत हा सौदा कोठेतरी दडलेला असतो. पैसा एकच, आणि तो यंत्रावर खर्च झाला की माणसावर होत नाही. मूर्सव्हिलने हा सौदा पत्करला. तो योग्य होता की नाही याविषयी मतभेद होऊ शकतील. लॉस एंजेलिसच्या बाबतीत, आपण कशाच्या बदल्यात काय घेत आहोत, हे मतदारांपुढे नीट आलेच नाही.

या दोन उदाहरणांवरून, कोणत्याही शाळेपुढे यंत्राची योजना आली असता विचारावयाचे चार प्रश्न हाती लागतात. पहिला : हे यंत्र आल्याने कोणत्या विषयाचा कोणता भाग अधिक चांगला शिकविता येणार आहे? दुसरा : तो शिकविणाऱ्या शिक्षकाला योजना ठरण्यापूर्वी विचारले होते का, आणि नंतर त्याला शिकण्यासाठी वेळ दिला आहे का? तिसरा : यंत्र बंद पडेल, हरवेल, जुने होईल, त्या दिवसाचा खर्च कोणी धरला आहे? चौथा : दोन वर्षांनी हे फसले असे ठरविण्याची कसोटी आजच लिहून ठेवली आहे का? ज्या योजनेत फसण्याची व्याख्याच नाही ती कधी फसत नाही. ती नुसती विसरली जाते, आणि मग दुसरी येते.

लॉस एंजेलिसमध्येच याचा पडताळा आला. मार्च २०२४ मध्ये त्याच डिस्ट्रिक्टने 'एड' नावाचा संभाषण करणारा संगणकीय मदतनीस मोठ्या समारंभाने सुरू केला. त्याचा करार ६० लाख डॉलरपर्यंतचा होता. जून महिन्यात तो तयार करणाऱ्या कंपनीने आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसविले आणि मदतनीस बंद करावा लागला. अधीक्षक नवे, कंपनी नवी, यंत्रही नवे; आणि जुना प्रश्न अनुत्तरितच.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. काही जण शाळेच्या समितीवर पालक म्हणून बसतील, तर काही निवडूनही येतील. कोणीतरी चकचकीत यंत्र टेबलावर ठेवील आणि 'गरिबाच्या मुलाला हे नको का?' असे विचारील. या प्रश्नाला 'नको' म्हणण्याचे कारण नाही. हवेच आहे. परंतु गरिबाच्या मुलाला योजनाही चांगली हवी असते, कारण फसलेल्या योजनेचा भार सर्वांत आधी त्याच्यावर पडतो. श्रीमंताच्या मुलाला शाळेतील यंत्र बंद पडले तरी घरी दुसरे असते. याला मात्र समोर उभा असलेला शिक्षक तेवढा असतो. त्या शिक्षकाला वगळून केलेली आखणी कितीही मोठ्या रकमेची असली, तरी तिने त्या मुलाच्या हातची पाटी कोरीच राहते.