कॅमेरा नवा, लेन्स जुन्याच : फुल फ्रेम मिररलेसकडे वळताना

छत्रपती संभाजीनगरात कॅमेरा चालवणाऱ्याला वर्षभरात तीन प्रकारचा प्रकाश भेटतो. लग्नसराईत मंगल कार्यालयातला दिव्यांचा, सुट्टीच्या दिवशी वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतला अंधूक आणि हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावरचा कोवळा. या तिन्ही कामांसाठी बॅगेत एकेक करून लेन्स जमा होतात. एखादी ५० मिमी प्राइम, एखादी ७०-२००, पक्ष्यांसाठी एखादी लांब झूम. बॉडी मात्र बदलत राहते. आता तर ती बदलावीच लागणार आहे, कारण २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी एकही नवी डीएसएलआर आणलेली नाही.

अशा वेळी प्रश्न पडतो की आपल्याच कंपनीच्या मिररलेसकडे जायचं, की कंपनीच बदलायची? आणि बदलली तर वर्षानुवर्षं जमवलेल्या लेन्सचं काय? माझं उत्तर आहे : बॉडी कोणती घ्यायची हे बॅगेतल्या लेन्सना ठरवू द्या. ते कसं, हे क्रमाने पाहू.

जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते कशी?

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये आरसा असतो. तो वर-खाली व्हायला जागा हवी, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसवावी लागते. माउंटच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं हे अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं आहे. १९५९ पासून चालत आलेल्या निकॉन एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी आहे, १९७५ च्या पेंटॅक्स के माउंटमध्ये ४५.४६ मिमी आणि १९८७ च्या कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर एकदम कमी झालं. सोनी ई माउंटमध्ये ते १८ मिमी आहे, निकॉन झेडमध्ये १६ मिमी, कॅनन आरएफमध्ये २० मिमी. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांच्या एल माउंटमध्येही २० मिमीच. जुन्या आणि नव्या अंतरातला जो फरक उरतो, तेवढ्या जागेत अ‍ॅडॅप्टर बसतो. निकॉनची लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ मधून १८ वजा करा. २८.५ मिमी उरतात आणि अ‍ॅडॅप्टरची लांबी तेवढीच असते. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. म्हणून चित्राच्या दर्जात त्याने काही कमी होत नाही.

उलटा प्रवास मात्र होत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लावायला जागाच उरत नाही. जुन्या कॅनन एफडी लेन्सचं हेच झालं होतं. त्यांचं अंतर ४२ मिमी, म्हणजे ईएफपेक्षा कमी. कॅननच्याच डीएसएलआरवर त्या लावायच्या तर अ‍ॅडॅप्टरमध्ये जादा काच लागे, नाहीतर दूरचं काही फोकस होत नसे. मिररलेसवर त्याच लेन्स साध्या नळीने लागतात आणि अनंतापर्यंत फोकस होतात. तुमच्याकडे एफडी असतील तर त्या विकायची घाई करू नका.

फुल फ्रेममुळे हाती काय येतं?

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या चौकटीएवढा. आपल्याकडे जास्त खपलेल्या डीएसएलआर एपीएस-सी आकाराच्या. निकॉनमध्ये तो सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा. क्षेत्रफळ काढलं तर एकाचं ८६४ चौरस मिमी, दुसऱ्याचं ३६७ च्या आसपास. सुमारे सव्वादोन पट मोठ्या जागेवर प्रकाश पडतो. कमी उजेडात चित्र स्वच्छ येण्याचं मुख्य कारण हेच.

दुसरा लाभ जुन्या लेन्स सांभाळणाऱ्याला जास्त जवळचा वाटेल. फिल्मच्या काळातली लेन्स घडवली होती ३६ × २४ च्या चौकटीसाठी. एपीएस-सी बॉडीवर तिच्या कडा कापल्या जात आणि ५० मिमी लेन्स ७५ मिमीसारखी दिसे. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभं राहून २४ मिमीने फोटो काढताना मागे सरकायला जागा उरत नाही आणि ध्वजस्तंभ किंवा हत्ती चौकटीबाहेर जातो, हा अनुभव अनेकांचा असेल. कारण ती २४ मिमी प्रत्यक्षात ३६ मिमीसारखी बघत असते. फुल फ्रेमवर तिला तिचा मूळ कोन परत मिळतो.

आधी बॅग उघडा आणि लेन्सचे चार गट करा

सगळ्या लेन्स टेबलावर मांडा, मागची झाकणं काढा आणि एकेक उलटी धरून पाहा.

पहिला गट संपूर्ण हाताने चालणाऱ्यांचा. बॅरलवर अ‍ॅपर्चरची कडी असते, विजेचा एकही संपर्कबिंदू नसतो. वडिलांच्या पेंटॅक्स के १००० ची किंवा याशिका एफएक्स-३ ची ५० मिमी, झेनिटवरची हेलिऑस, निकॉनच्या जुन्या एआय लेन्स या गटात येतात. यांना कोणत्याही कंपनीची बॉडी चालते. साधा, स्वस्त अ‍ॅडॅप्टर पुरतो.

दुसरा गट स्वतःची मोटर असलेल्यांचा. निकॉनच्या एएफ-एस आणि कॅननच्या सगळ्या ईएफ लेन्स इथे बसतात. बॉडी त्यांच्याशी विजेच्या संपर्कबिंदूंतून बोलते. यांना इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टरच हवा. साध्या नळीवर कॅनन ईएफचं अ‍ॅपर्चर बदलताही येत नाही.

तिसरा गट ओळखायला नीट बघावं लागतं. निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी उलटी धरा. धातूच्या कडीत खाच असलेल्या स्क्रूच्या डोक्यासारखं एक छोटं गोल दिसेल. डीएसएलआरच्या माउंटमधून बाहेर येणारा दांडा त्या खाचेत बसतो आणि बॉडीतली मोटर लेन्स फिरवते. लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही. निकॉनच्या झेड बॉडीत आणि एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही ती नाही. म्हणजे निकॉनची लेन्स निकॉनच्याच मिररलेसवर लावली तरी ऑटोफोकस जातो. मीटर चालतं, अ‍ॅपर्चर चालतं, फोकस मात्र हाताने करायचा. अनेकांना हे पैसे भरल्यावर कळतं.

चौथा गट फक्त एपीएस-सीसाठी केलेल्या लेन्सचा. निकॉनवर डीएक्स, कॅननवर ईएफ-एस अशी खूण असते. फुल फ्रेमवर त्या लागतात, पण बॉडी मधला भागच वापरते. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण १० मेगापिक्सेलवर येतो. फुल फ्रेमसाठी पैसे मोजून एपीएस-सीचाच फोटो हाती येतो, म्हणून किट लेन्सच्या जिवावर फुल फ्रेम बॉडी घेऊ नये.

त्याच कंपनीत राहायचं की बदलायची?

सोनीने २०१३ मध्ये ए७ आणून फुल फ्रेम मिररलेसचा बाजार उघडला. निकॉन झेड आणि कॅनन आरएफ आले २०१८ मध्ये. मधल्या पाच वर्षांत अनेकांनी सोनीची वाट धरली. आज तिन्ही पर्याय भक्कम आहेत, म्हणून हिशेब लेन्सचाच करायचा.

दुसऱ्या गटातल्या लेन्स जास्त असतील तर त्याच कंपनीत राहणं सर्वांत सुरळीत. कॅननच्या ईएफ लेन्स कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने आरएफ बॉडीवर मूळच्यासारख्या चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेडवर ऑटोफोकससह चालतात.

कॅननकडून सोनीकडे जायचं तर सिग्माचा एमसी-११ आहे आणि एल माउंटकडे जायचं तर एमसी-२१. पण सिग्मा हमी देते ती आपल्या स्वतःच्या लेन्सची. कॅननच्या लेन्स त्यावर बऱ्याचदा चालतात, तरी प्रत्येक लेन्स स्वतः लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. निकॉनकडून सोनीकडे जाताना इतर कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टर मिळतात. स्थिर विषयाला ते पुरतात. उडत्या पक्ष्याच्या मागे लांब झूम लावायची असेल तर त्यांच्यावर विसंबू नये.

पेंटॅक्सवाल्यांना निवडच नाही, कारण पेंटॅक्सने फुल फ्रेम मिररलेस काढलेलाच नाही. त्यांना कंपनी बदलावीच लागेल. त्यांच्या जुन्या मॅन्युअल लेन्स मात्र कुठेही आनंदाने लागतील.

अजिंठ्यात लागणारी खरी कसोटी

अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि तिवई लावायला परवानगी लागते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डावीकडच्या पद्मपाणीसमोर तुम्ही उभे असता तेव्हा हाताशी फक्त लेन्स, सेन्सर आणि स्वतःचा श्वास असतो.

जुनी ५० मिमी मॅन्युअल लेन्स आणि फुल फ्रेम मिररलेस ही जोडी इथे फार उपयोगी पडते. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारात जे जेमतेम दिसायचं, ते इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर उजळून दाखवतो. एक बटण दाबलं की मधला भाग कित्येक पट मोठा होतो. पद्मपाणीच्या मिटत आलेल्या पापणीवर चौकट न्यायची आणि फोकसची कडी सावकाश फिरवायची. पापणीची रेघ आधी पसरट दिसते, मग बारीक होते, आणि एका ठिकाणी रंगाचे पोपडेही स्पष्ट होतात. तिथे थांबायचं. इतकं नेमकं फोकस डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला साधत नव्हतं.

दुसरी मदत बॉडीतल्या स्थिरीकरणाची. सोनीने ते फुल फ्रेम मिररलेसमध्ये २०१४ च्या ए७ II मध्ये आणलं. ५० मिमीला १/५० सेकंदाच्या खाली हातात धरू नये, असा जुना शिरस्ता. सेन्सर स्वतः हात सावरत असल्यामुळे १/१५ लाही भिंतीवरचं चित्र धारदार येऊ शकतं. मात्र जुनी लेन्स आपली फोकल लांबी बॉडीला सांगत नाही, ती मेन्यूत हाताने भरावी लागते. निकॉन झेडमध्ये अशा २० लेन्सची नोंद ठेवता येते. सोनीवर लेन्स नसतानाही शटर चालू देण्याचा पर्याय सुरू करावा लागतो, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही.

साधन बदलण्याची गोष्ट अजिंठ्याला नवी नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना इथल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलं. त्यांनी वर्षानुवर्षं कुंचल्याने काम केलं आणि पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांची लेण्यांची छायाचित्रं १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्यांच्या प्रतिकृती जळाल्या. छायाचित्रं मात्र आजही पाहता येतात. गिल यांनी कुंचल्यासोबत कॅमेरा धरला, पण लेणी बघण्याची नजर तीच ठेवली.

लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी

स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण मॅन्युअल फोकसने पकडण्याची जोखीम घेऊ नका. कामासाठी निदान एक लेन्स नव्या माउंटची, पूर्ण ऑटोफोकसची घ्या.

कंपनी बदलली की फ्लॅशही बदलतो, हे बजेटमध्ये धरा. निकॉनचा फ्लॅश सोनीवर आपोआप उजेड मोजून चालणार नाही, ट्रिगरही वेगळा लागेल. बॅटऱ्या जास्त ठेवा, कारण मिररलेसचा सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात. आणि मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात घ्या. आरसा नसल्यामुळे लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. धुळीत, वाऱ्यात लेन्स बदलायचीच वेळ आली तर बॉडी बंद करा, तोंड खाली धरा आणि अ‍ॅडॅप्टर लेन्सलाच लावून ठेवा. जड लेन्स लावल्यावर कॅमेरा बॉडीला धरून उचलू नका, लेन्सखाली हात द्या.

लेन्स ठेवण्याजोगी आहे का?

मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून टाका आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी आहे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. अ‍ॅपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळत असतील तर त्यांवर तेल उतरलं आहे. फोकसची कडी सगळीकडे सारख्या जोराने फिरली पाहिजे. यातला दोष असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा आणि मगच त्या लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टर घ्या.

निर्णय घेताना

ओळखीच्या कोणाची किंवा भाड्याची बॉडी एक संध्याकाळ मागून घ्या. आपल्या सगळ्या लेन्स अ‍ॅडॅप्टरसह तिच्यावर लावा आणि दिवेलागणीला फोटो काढा. दुपारच्या उन्हात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. जुनी बॉडी लगेच विकू नका, एक हंगाम दोन्ही सोबत चालू द्या. लग्नसराईच्या मध्यावर बदल करू नका.

दुसऱ्या गटाच्या लेन्स जास्त असतील तर आपल्याच कंपनीत राहा. पहिल्या गटाच्या जास्त असतील तर मोकळेपणाने कोणतीही बॉडी निवडा. चौथ्याच गटाच्या असतील तर फुल फ्रेमचा विचार सध्या बाजूला ठेवा. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, पण चांगली लेन्स नीट सांभाळली तर पुढच्या पिढीच्या हातातही फोटो काढते. ती आधी सांभाळा.