अबाय : परक्याचं घेतलं, आपलं केलं!

‘कझाक कवी? हे काय नवीन खूळ?’ ऑफिसातल्या मंडळींचा हा प्रश्न ठरलेला. पण बॉस, अबाय कुनानबायउली हा माणूसच भन्नाट!

जन्म १८४५, सेमेयजवळच्या चिंगीस डोंगरांत. वडील जमातीचे बडे प्रस्थ. पोरानं आपला कारभार सांभाळावा, हा त्यांचा हट्ट. पोरगा मात्र आजी झेरेच्या गोष्टींत रमायचा. मदरशात त्याला फारसी कवी भेटले. पुढे येवगेनी मिखाएलिस या हद्दपार रशियनाशी गट्टी जमली आणि पुश्किन, लेर्मोन्तोव यांची गोडी वाढली.

जर्मन कवी गटेची एक छोटीशी कविता लेर्मोन्तोवनं रशियनमध्ये नेली. अबायनं ती तिथून कझाकमध्ये आणली, चालही लावली. आज कझाक लोक ती आपलंच गाणं म्हणून गातात! स्वतःच्या लोकांचा आळस, भांडणं यांवरही त्यानं ४५ गद्य ‘शब्दां’त चांगलंच झोडपलं.

१९०४मध्ये मुलगा मगाविया गेला, पाठोपाठ अबायही. पहिलं पुस्तक आलं १९०९मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. त्यानं ते पाहिलंच नाही.

दिवसभर इंग्रजीत मेल ठोकणाऱ्या आपल्याला मला त्याचा एकच फंडा सांगावासा वाटतो : बाहेरचं बिनधास्त घ्या, पण घरी आणा ते आपल्या भाषेत.