दार उघडलं, पंगतीचं काय?

पंढरपूरला महाद्वाराशी गेलं की वारकऱ्याचा माथा दोन ठिकाणी टेकतो. एक नामदेवांची पायरी आणि दुसरी तिच्यासमोरची चोखोबांची समाधी. नामदेव शिंपी, चोखोबा महार. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथं समाधी बांधली, असं परंपरा सांगते. चोखोबांना संप्रदायानं संत मानलं खरं. पण त्यांच्या जातीच्या माणसांना पुढची सहाशे वर्षं ती पायरी ओलांडता आली नाही.

ती ओलांडता यावी म्हणून साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले. १ मे १९४७ला ते पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मेला उपोषण सुटलं आणि दार उघडलं.

पण दार उघडणं ही सुरुवात असते. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन कळतं. खातं कुणाचंही उघडता येतं. सहीचा अधिकार कुणाला द्यायचा, हा प्रश्न निराळा. मंदिरात येऊ देणं म्हणजे खातं उघडणं. पूजेत, स्वयंपाकात, कारभारात हात लावू देणं म्हणजे सहीचा अधिकार.

इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या, त्याचा अनुभव त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे अभंग एकत्र म्हणत आणि जेवायला वेगळे बसत, हे त्यांना फार लागलं होतं. १९९०च्या सुमारास मी माळशिरस तालुक्यातल्या एका शाखेत होतो. पालखी आली की आम्ही चहा घेऊन मुक्कामावर जायचो. ‘माऊली, माऊली’ म्हणत सगळे एकमेकांच्या पाया पडत. कुणी कुणाची जात विचारत नव्हतं. एका राहुटीत भाकऱ्या थापणाऱ्या म्हातारीला मी सहज विचारलं, “सगळ्यांचा स्वयंपाक एकत्रच का?” ती हसून म्हणाली, “पाया सगळ्यांच्या पडतो की, साहेब. परातीचं मात्र विचारू नका.”

परातीचा हा प्रश्न खुद्द गाभाऱ्यातही होताच. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्यानं संपवले. त्यावरचा वाद जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीनं जातीची अट न ठेवता पुजाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत स्त्रियांनाही बोलावलं. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती सेवा केली, त्यांच्या दारात त्या दिवशी आनंद नसणार, हेही समजून घ्यायला हवं. कुणाला जागा द्यायची, तर आधी बसलेल्याला थोडं सरकावंच लागतं. हे सरकणं सोपं नसतं. म्हणून तर आपण पाया पडण्यावर भागवतो.

तुमच्या-आमच्या घरीही सत्यनारायण असतो, सोसायटीत गणपती असतो. तिथं प्रसादाला सगळे येतात. पण आरतीचं ताट कुणाच्या हाती जातं? नैवेद्य कुणाच्या घरून येतो? झाडलोट करणारी बाई पंगतीत बसते, की तिचा प्रसाद जिन्याखाली डब्यात दिला जातो? मंडळाच्या यादीत तिचं नाव असतं का? येत्या गणपतीत एकदा ती यादी काढून बघावी आणि शक्य झालं तर पहिल्या दिवसाचा नैवेद्य तिच्याकडे सांगावा. पुरण ती छानच करत असेल.