कारभाऱ्याचा पगार आणि भागधारकाचा दावा

कंपनीच्या संचालकांनी एखाद्या वरिष्ठाला अवाच्या सवा मोबदला दिला, तर नुकसान कोणाचे? कायद्याच्या दृष्टीने कंपनीचे. म्हणून भागधारक न्यायालयात जातो तो कंपनीच्या वतीने. जिंकला तरी पैसा कंपनीच्या तिजोरीत जमा होतो. मग असे दावे लढवून मिळते काय?

पहिला गाजलेला दावा अमेरिकन टोबॅको कंपनीचा. १९१२ मध्ये भागधारकांनीच नियम केला होता की, नफा ठरावीक रकमेपुढे गेला तर वाढीव नफ्याचे अडीच टक्के अध्यक्षांना मिळावेत. पुढे सिगारेटचा खप प्रचंड वाढला आणि १९३० मध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांचा बोनस आठ लाख डॉलरवर गेला. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, नियम वैध आहे. पण रक्कम कामाच्या मोलाशी सुटून गेली, तर ती कंपनीच्या मालमत्तेची उधळपट्टी ठरू शकते. ही सीमारेषा कोठे आखायची, हे मात्र न्यायाधीशांना पुढेही अवघडच गेले.

म्हणून प्रश्न ‘किती?’ऐवजी ‘कसे ठरले?’ असा झाला. त्याचा कस लागला डिस्नेच्या खटल्यात. मुख्याधिकारी मायकेल आयस्नर यांनी १९९५ मध्ये आपले जुने मित्र मायकेल ओव्हिट्झ यांना अध्यक्षपदी आणले. चौदा महिन्यांत त्यांना निरोप मिळाला आणि जाताना करारानुसार सुमारे १३ कोटी डॉलरही. पहिला दावा तपशिलाअभावी टिकला नाही. भागधारकांनी मग कंपनीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क वापरला. मोबदला समितीने हा करार इतर विषयांबरोबर तासाभराच्या बैठकीत, पूर्ण मसुदा न पाहताच मंजूर केल्याचे बाहेर आले. सदतीस दिवस सुनावणी चालली. २००५ मध्ये डेलावेअरच्या न्यायाधीशांनी आयस्नर यांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, पण संचालकांना जबाबदार धरले नाही: कारभार आदर्श नव्हता, तरी दुष्ट हेतू सिद्ध होत नव्हता. २००६ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केले.

टेस्लाचा खटला याच वाटेने गेला. फक्त नऊ शेअर असलेल्या एका भागधारकाच्या दाव्यावर २०२४ मध्ये इलॉन मस्क यांचा सुमारे ५,६०० कोटी डॉलरचा मोबदला रद्द झाला; संचालक त्यांच्या प्रभावाखाली होते, असा निष्कर्ष निघाला. डिसेंबर २०२५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. संपूर्ण करारच रद्द केला, तर मस्क यांच्या सहा वर्षांच्या कामाचे मोलच उरत नाही, हे त्यामागचे कारण.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांच्या एकूण मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडायची तर विशेष ठराव, म्हणजे पाऊण मते हवीत. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी असे ठराव फेटाळले. २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये तेच घडले. खटल्याला वर्षे लागतात, मताला एक दिवस. मात्र प्रवर्तकांकडेच बहुसंख्य शेअर असतील, तर छोट्या भागधारकाचे मत वाहून जाते.

डिस्नेच्या खटल्यातून एक पैसाही परत आला नाही. त्यानंतर संचालक मंडळे सल्लागार नेमू लागली, इतिवृत्ते नीट लिहू लागली. यात सुधारणा आहे आणि धोकाही: कागद चोख असला की मोठा पगारही सुरक्षित होतो. म्हणून इतिवृत्त वाचणारा, मतदानाला हजर राहणारा भागधारक हवाच. म्युच्युअल फंड आणि निवृत्तिवेतनाच्या मार्गाने आज तो भागधारक बहुधा आपणच असतो.