चाळ मावेल एवढे भिंग

लांबट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला वाइड-अँगल लेन्स घ्यायची म्हटली की हौशी मंडळी एकच प्रश्न विचारतात, "जास्तीत जास्त किती मावेल?" आमच्या घोडपदेवच्या गल्लीत मात्र हा प्रश्न अपुरा पडतो. आमची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी व्हायची आहे. त्याआधी दुसऱ्या मजल्याची गॅलरी, बिऱ्हाडांसकट, फोटोत यावी अशी सगळ्यांची इच्छा. आणि ते काम माझ्या गळ्यात पडलेले!

कॅमेरा आहे हॅसलब्लाड एक्सपॅन. फुजीच्या सहकार्याने तो १९९८ साली निघाला. आता तो नवा मिळत नाही. त्याच्या लेन्सही जुन्या मालातच शोधाव्या लागतात. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर तो २४ बाय ६५ मिलिमीटरची चौकट उमटवतो. लेन्स तीनच: ३०, ४५ आणि ९० मिलिमीटर.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. आपण जितक्या अंतरावर उभे, त्याला ६५ ने गुणावे आणि लेन्सच्या आकड्याने भागावे. आमच्यासमोरची चाळ २० फुटांवर. तेथून ९० ची लेन्स १४ फूट रुंदी दाखवील, ४५ ची २९ फूट आणि ३० ची ४३ फूट. उंचीसाठी ६५ च्या जागी २४ घ्या. ३० ची लेन्सदेखील १६ फुटांवर थांबते. तेव्हा रस्त्यावरून सगळे मजले पकडण्याचा हट्ट धरू नये. कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात. समोरच्या चाळीच्या दुसऱ्याच मजल्यावर ट्रायपॉड समपातळीत लावावा, म्हणजे कठडा सरळ येतो. हॉरिझॉनसारख्या फिरत्या भिंगाच्या रशियन कॅमेऱ्यात तोच कठडा धनुष्यासारखा वाकतो.

मग सरळ ३० चीच का घेऊ नये? दारे-भिंती सपाट, त्या बिघडत नाहीत. फुगतात ती माणसे. ३० च्या लेन्सने अगदी काठावरचे डोके उंचीच्या मानाने जवळजवळ दीडपट रुंद होते. ४५ ने सव्वापटीच्या आत राहते. शिवाय ३० ला कडेची काळोखी जास्त. ती घालवायला मध्यभागी गडद असलेला फिल्टर लावायचा, तर एक्सपोजर वाढवावे लागते. वेगळा व्ह्यूफाइंडरही हवा.

शेवटच्या खोलीतल्या काकींना मी हे सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "खोली नाही आली तरी चालेल रे, पण मी ओळखू आले पाहिजे."

लेन्सच्या दुकानात इतका नेमका सल्ला क्वचितच मिळेल! मी ४५ ची घेतली. गॅलरी एका फोटोत येणार नाही, दोन काढावे लागतील. काठांवर पाण्याची पिंपे आणि तुळशीची कुंडी राहतील. माणसे मात्र मधोमध. रिकामी चाळ कुणीही टिपील. आपल्याला ती भरलेली हवी असेल, तर लेन्स चेहरे पाहून निवडावी.