मनगटाला काय कळते?

मनगटावरचा फिटनेस बँड काढून उलटा धरला, की मागच्या काचेआडून हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त आपल्याला लाल दिसते, कारण त्यातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला, की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर जास्त भरतात, थोडा अधिक हिरवा प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा उजेड कणभर मंदावतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो. दोन चढांमधला वेळ मोजला की नाडी मिळते. ही युक्ती तशी जुनी आहे. आल्रिक हर्ट्झमन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकातच दिवा आणि फोटोसेल वापरून त्वचेतले रक्ताचे भरणे-ओसरणे नोंदवले होते. बँडमधला दुसरा सेन्सर म्हणजे ॲक्सेलरोमीटर. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला एक सूक्ष्म भाग हात हलताच किंचित सरकतो आणि त्यावरून तिन्ही दिशांची हालचाल सेकंदाला अनेकदा नोंदली जाते. महागड्या घड्याळांत त्वचेचे तापमान, रक्तातला ऑक्सिजन, ईसीजी अशी भर असते. पण बहुतेक बँडना प्रत्यक्ष कळणाऱ्या गोष्टी दोनच: हात कसा हलला आणि प्रकाश किती परतला.

ॲप उघडले की मात्र डझनभर आकडे समोर येतात. पावले, कॅलरी, गाढ झोप, आरईएम झोप, ताण, ‘रिकव्हरी’, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे झोपेला शंभरपैकी दिलेले गुण. सगळे आकडे सारख्याच अक्षरांत, सारख्याच ठामपणे मांडलेले असतात, त्यामुळे ते सारख्याच प्रतीचे आहेत असे वाटते. तसे ते नाहीत. सेन्सरने टिपलेली गोष्ट आणि पडद्यावरचा आकडा यांच्यामध्ये जितकी अनुमाने, तितका तो आकडा कच्चा. हे अंतर ओळखून वाचले तर बँड अतिशय उपयोगी वस्तू आहे. न ओळखता वाचले तर तो माणसाला विनाकारण घोर लावू शकतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आरोग्याशी ज्यांचे नाते संशोधनात पक्के दिसते ते आकडे बहुतेक वेळा जवळचे आणि साधेच निघतात.

नाडी आणि कॅलरी ही जोडी घेऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणे ६० स्वयंसेवकांच्या मनगटावर बांधून तपासली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जाखर्चाच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. मनगट तेच, सेन्सर तोच, मग एवढी तफावत का? कारण नाडी जवळजवळ थेट मोजली जाते. कॅलरी मात्र नाडी, हालचाल, वय, वजन, उंची यांवरून एका सरासरी माणसाच्या समीकरणाने काढली जाते. नाडी केवळ श्रमाने वाढत नाही. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त धाडावे लागते, म्हणून त्याच चालीने तेच अंतर चालताना ठोके जास्त पडतात. भीती, ताप, कमी प्यायलेले पाणी यांनीही ते वाढतात. म्हणूनच ‘आज चारशे कॅलरी जाळल्या’ हे वाचून जेवणात तेवढीच भर घालणे म्हणजे अंदाजाला जमाखर्चाच्या वहीत रोकड म्हणून मांडणे आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन कमी करू पाहणाऱ्या तरुण प्रौढांचे दोन गट दोन वर्षे पाहिले गेले. सुरुवातीचे सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार-व्यायामाचा कार्यक्रम होता. त्यानंतर ज्यांना उपकरण दिले त्यांचे वजन अखेरीस सरासरी साडेतीन किलोने घटले, आणि ज्यांनी आपली नोंद स्वतः ठेवली त्यांचे जवळजवळ सहा किलोने. असे का झाले याचे निश्चित उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही. पण बँड बांधला म्हणजे वजन आपोआप उतरेल, ही समजूत तिने खोडली.

पावलांचे तसे नाही. पाऊल हा सेन्सरच्या अगदी शेजारचा आकडा. चुका तिथेही होतात: ट्रॉली ढकलताना किंवा दोन्ही हातांत पिशव्या धरून चालताना हात झुलत नाही, मग काही पावले सुटतात, आणि हात तालात हलत राहिला तर न टाकलेले पाऊलही मोजले जाऊ शकते. दिवसाच्या बेरजेत मात्र या चुका फारशा आडव्या येत नाहीत. गडबड आहे ती लक्ष्यात. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, या नावाने कमरेला लावायचे यंत्र बाजारात आणले आणि ते नावच जगभर नियम होऊन बसले. खरा अभ्यास बऱ्याच नंतर झाला. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांची पावले मोजून २०१९ मध्ये दाखवले, की रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढणे जवळपास थांबते. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यातही सात हजारांच्या आसपासच बहुतेक लाभ पदरात पडलेला दिसतो. सर्वांत मोठी झेप तळाशी आहे, अगदी कमी चालणाऱ्याने थोडे जास्त चालण्यात. साठीतल्या ज्या बाईंना गुडघेदुखीमुळे चार हजारांपलीकडे जाता येत नाही, त्यांना घड्याळ रोज रात्री ‘लक्ष्य अपूर्ण’ असे सांगते, तेव्हा ते विज्ञानाच्या वतीने बोलत नसते. साठ वर्षांपूर्वीच्या जाहिरातीच्या वतीने बोलत असते. हे लक्ष्य ॲपमध्ये बदलता येते, आणि बदलावेच.

झोपेकडे आले की अंतर एकदम वाढते. झोपेचे टप्पे मेंदूत घडतात. प्रयोगशाळेत ते ओळखण्यासाठी डोक्यावर ईईजीच्या तारा, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावतात आणि तंत्रज्ञ रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत तपासतो. मनगटाला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. बँडचे अनुमान अगदी हवेतलेही नसते: गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी होते, आरईएम झोपेत स्नायू सैल पडून हालचाल थांबते पण नाडी अनियमित होते, या खुणांवरून गणित टप्पा ठरवते. मात्र याच खुणा निश्चल पडून छताकडे बघणाऱ्या माणसातही सापडतात. अमेरिकेत ३४ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून सात उपकरणे तपासली गेली. २०२१ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत झोपेचे क्षण उपकरणांनी ९३ टक्के किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखले, जागेपणाचे क्षण मात्र १८ ते ५४ टक्केच. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्याला झोप चांगली लागते त्याच्याबद्दल बँड बहुतेक खरे सांगतो. ज्याची रात्र तळमळण्यात जाते, आणि ज्याला या माहितीची खरी गरज असते, त्याच्या बाबतीत तो सर्वांत जास्त चुकतो.

चुकीचा आकडा निरुपद्रवी असता तरी चालले असते. कोलोरॅडो कॉलेजमधल्या क्रिस्टीना ड्रॅगानिच आणि क्रिस्टी अर्डल यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना खोट्या यंत्रांचा देखावा करून सांगितले, की काल रात्री तुमच्या झोपेत आरईएमचा वाटा २८.७ टक्के होता. काहींना सांगितले, १६.२ टक्के. मोजले कोणाचेच नव्हते. तरी ज्यांना वाईट आकडा मिळाला ते लक्ष आणि आकडेमोडीच्या चाचणीत मागे पडले, आपली झोप कशी झाली असे त्यांनी स्वतः सांगितले होते याचा संबंध न राहता. २०१७ मध्ये केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची हकीकत मांडली आणि त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले: घड्याळातली झोप सुधारण्याच्या ध्यासाने खरी झोप बिघडणे. ही माणसे आकडा वाढवण्यासाठी अंथरुणात जास्त वेळ पडून राहत होती, जे निद्रानाशात नेमके करू नये असे डॉक्टर सांगतात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. वजनकाटा रोज एक किलो जास्तच दाखवत असेल, तरी महिनाभरातली घट त्यावर कळतेच. मग आकडा चुकला तरी कल तर खरा? बरोबर आहे, चूक एकसारखी असेल तर. विश्रांतीतली नाडी आठवडाभर नेहमीपेक्षा आठ-दहाने चढी राहिली, तर मूळ आकडा दोनने चुकीचा असला तरी इशारा खराच असतो. ताप, अतिश्रम, कधी थायरॉइडची गडबड त्यामागे असू शकते. गाढ झोपेच्या मिनिटांतली चूक मात्र रात्रीगणिक बदलते, पट्टा सैल की घट्ट यावर बदलते, आणि कंपनीने सॉफ्टवेअर बदलले की गणितच बदलते. गेल्या महिन्यापेक्षा गाढ झोप वाढली की सूत्र वेगळे झाले, हे घालणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय कल बघायचा तर तो आठवड्यांचा, आणि ॲप सकाळी उठल्याउठल्या दाखवते ते एका रात्रीचे गुण.

दुसरे म्हणणे असे, की तंत्रज्ञान दर वर्षी सुधारते आहे, आज चुकते ते उद्या चुकणार नाही. सुधारणा होतेच आहे. त्याच २०२१च्या अभ्यासात काही बाजारातली उपकरणे झोप-जाग ओळखण्यात संशोधकांच्या जुन्या मनगटी यंत्रांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. पण या गणितांना शिकवले जाते ते तंत्रज्ञांनी तपासलेल्या नोंदींवरून, आणि एकच नोंद अनेक तज्ज्ञांना दिली तर टप्प्यांबाबत त्यांचे एकमत ८० टक्क्यांच्या थोडे वर असते. जिथे गुरूंमध्येच दर पाच-सहा तुकड्यांमागे एकावर मतभेद, तिथे शिष्याकडून मिनिटाच्या अचूकतेची अपेक्षा कशी करायची?

सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप जिवाशी निगडित आहे: घड्याळाने हृदयाचा आजार पकडल्याच्या बातम्या येतात, त्यांचे काय? त्या खोट्या नाहीत, आणि त्या याच नियमात बसतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, ठोक्यांमधले अंतर वेडेवाकडे होते, आणि हे अंतर हाच तर प्रकाश-सेन्सरचा थेट विषय. ॲपल हार्ट स्टडीमध्ये ४,१९,२९७ लोक सहभागी झाले. त्यांतल्या २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याला, अनियमित नाडीची सूचना मिळाली. नंतर ज्यांनी छातीवरची ईसीजी पट्टी लावून परत पाठवली त्यांतल्या ३४ टक्के लोकांत हा विकार सापडला. तो येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांना सूचना चुकीचीच मिळाली असे म्हणता येत नाही. तरी सूचनेनंतर ईसीजी आणि डॉक्टर हा क्रम त्या अभ्यासानेही सोडला नाही. याच्या उलट बाजूही लक्षात ठेवावी: घड्याळ गप्प आहे म्हणून छातीतली कळ अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

मग जवळच्या आकड्यांनी काय साधते? २०२२ मधल्या एका व्यापक आढाव्यानुसार उपकरण वापरणारे लोक रोज सरासरी १,८०० पावले जास्त चालतात. भारतात ही वाढ लहान नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४,२२७ जणांपैकी ५४.४ टक्के लोक निष्क्रिय आढळले होते. झोपेबाबतही मनगटाला जे बरे कळते ते म्हणजे माणूस कधी आडवा झाला आणि कधी उठला, आणि नेमके तेच मोलाचे निघाले. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या सुमारे ६१ हजार लोकांच्या मनगटी नोंदींवरून अलीकडेच दिसले, की झोपेच्या वेळांचा नियमितपणा हा किती तास झोपलो यापेक्षाही मृत्यूच्या धोक्याचा चांगला निदर्शक आहे. गाढ झोपेच्या मिनिटांवर आपला ताबा नाही. उठण्याच्या वेळेवर, निदान शिफ्टची नोकरी नसलेल्यांचा, असतो.

याच बायोबँकमधून २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. व्यायाम अजिबात करत नाही असे सांगणाऱ्या २५,२४१ जणांच्या हालचालींच्या नोंदी इमॅन्युएल स्टामाटाकिस यांच्या गटाने तपासल्या. त्यांतले जे लोक दिवसातून तीनेकदा, एक-दोन मिनिटेच, पण धाप लागेल असे काही करत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण असे काहीही न करणाऱ्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होते. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. मुळात धडधाकट असलेलेच जिना झपझप चढत असतील हेही शक्य आहे, आणि सुरुवातीच्या काळातले मृत्यू वगळून संशोधकांनी ती शंका काही प्रमाणात पडताळली. इंडियाबमध्ये फावल्या वेळातला व्यायाम शून्य सांगणारे लोक चारही ठिकाणी बहुसंख्य होते, म्हणून हा निष्कर्ष आपल्याकडे अधिक लागू पडू शकतो. रेल्वेचा पूल घाईने चढण्यातली ती दोन मिनिटे ॲपच्या ‘वर्कआउट’च्या यादीत सहसा येत नाहीत. ती सापडली ती मनगटाच्या कच्च्या, गुण न दिलेल्या हालचालींत.